एकशे आठ ग्रॅम

"कानाशी नेऊन हलवा," यमुना म्हणाली.

नागेशनं तो ॲल्युमिनियमचा नळा कानाशी नेला आणि हलवला. आत काहीतरी सरकलं. खट्. त्यानं पुन्हा हलवला. खट्.

"आत लूज झालंय काहीतरी."

"लूज नाही हो. तीन वजनं आहेत आत. ती अशीच सरकायला हवीत. सत्तावीस वर्षं शॉक ॲब्झॉर्बर तपासताय, आणि हे मी सांगायचं तुम्हाला?"

ती हसली, आणि हसता हसता तिचा हात उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली गेला. तिथे कातडीखाली नाण्याएवढा उंचवटा होता. केमोचं औषध आत सोडण्यासाठी बसवलेला पोर्ट. नागेशनं नजर काढून टेबलावरच्या हिरव्या चटईवर ठेवली. चटईवर यमुनाची रायफल मोकळी करून मांडलेली होती. जूनमधला शनिवार होता, लेओनबेर्गच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या नेमबाजी क्लबच्या मागच्या खोलीत ते दोघं बसले होते, आणि सोळा वर्षांत नागेश या खोलीत पहिल्यांदाच आला होता.

सोळा वर्षं यमुना दर शनिवारी इथे येत होती. मिरजेला कॉलेजात असताना ती एनसीसीत होती, बेळगावच्या कॅम्पात तिनं नेमबाजीचं कांस्यपदक मिळवलं होतं, आणि लग्नानंतर ते पदक जसं ट्रंकेत गेलं तसे ते दिवसही मागे पडले. जर्मनीत आल्यावर इरा शाळेत, नवरा फर्ममध्ये आणि ही घरात. एका रविवारी फिरता फिरता तिला रानाच्या कडेला क्लबची पाटी दिसली. ती आत गेली आणि अर्ध्या तासानं बाहेर आली ती मेंबर होऊनच. पुढे परीक्षा दिली, परवाना काढला, तळघरात लोखंडी कपाट बसवून घेतलं. काही वर्षांनी ही अर्धस्वयंचलित रायफल आली.

नागेशनं तिला कधी अडवलं नाही. त्यानं फक्त कुणाला सांगितलं नाही. स्टुटगार्टच्या मराठी मंडळात कुणी विचारलं, "वहिनी शनिवारी कधी दिसत नाहीत?" तर तो म्हणायचा, "तिचा जर्मनचा क्लास असतो." नातेवाइकांनाही तेच. बायको भजनाला जाते, पाककलेला जाते, हे सांगता येतं. बायको रायफल चालवते हे कसं सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याचं एकूण धोरण होतं. दुखरं, खुपणारं, अवघड असं काही समोर आलं की नागेश आधी त्याच्याखाली काहीतरी मऊ सारायचा. तो माणूस वाईट नव्हता. उलट अती चांगला होता, आणि तीच अडचण होती.

"आता नीट ऐका," यमुना म्हणाली. "गोळी सुटली की हा बोल्ट मागे येतो. रिकामं काडतूस बाहेर फेकतो, आणि पुढे जाताना नवं काडतूस घेऊन जातो. मागे येतो तो या बफरवर आपटतो, बफरच्या मागे स्प्रिंग. बफर हलका असला तर सगळं धाडकन मागे येतं आणि खांद्याला दणका बसतो. जड असला तर सावकाश येतं."

"मग जडच घालू."

"फार जड झाला तर बोल्ट पुरता मागे येतच नाही. नवं काडतूस उचलत नाही. चाप ओढला की नुसतं टिक."

"हं," नागेश म्हणाला. खिशातून त्यानं छोटा वजनकाटा काढला. बफर भरला पंच्याऐंशी ग्रॅम. आतल्या पोलादी तुकड्यांच्या जागी टंगस्टनचे तुकडे घातले तर एकानं एकशे आठ, दोनांनी एकशे एकतीस, तिनांनी एकशे त्रेपन्न. हे त्यानं घरूनच लिहून आणलं होतं. त्याच्या आयुष्यात धक्के मोजण्यापलीकडे फार काही घडलं नव्हतं, पण धक्के तो उत्तम मोजायचा.

"तुला काही जाणवणार नाही इतकं करून देतो," तो म्हणाला.

यमुना त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ऑक्टोबरात क्लबची स्पर्धा आहे. एकही वर्ष चुकवलेलं नाही मी. वीस सेकंदांत पाच गोळ्या, उभ्यानं. ती मालिका मला पुरी करायचीय, बस. नंबर नको."

पुढच्या वर्षी करू, असं म्हणायला त्याचं तोंड उघडलं होतं. पण डॉक्टरांनी पुढच्या वर्षाचं नाव घेतलं नव्हतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

नागेश या खोलीत का येऊन बसला होता, त्याचं कारण फेब्रुवारीत होतं. ते फक्त आपल्यालाच माहीत आहे, अशी त्याची समजूत होती.

फेब्रुवारीत हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर खांद्याचं चित्र काढून पोर्ट कसा बसवतात ते समजावलं. शिर सरळ जाते म्हणून बहुधा उजवीकडे बसवतात, पण डावीकडेही बसवता येतो. मग त्यांनी विचारलं, उजव्या बाजूला काही अडचण आहे का? कचेरी असो, बँक असो, दवाखाना असो, जर्मनमधून बोलायचं ते नागेशनं, ही सत्तावीस वर्षांची घरची रीत. यमुना त्याच्याकडे वळून मराठीत म्हणाली, "अहो, त्यांना सांगा, डावीकडे बसवा. उजव्या खांद्याला माझी रायफल असते."

नागेशनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. कॅन्सरच्या वॉर्डात बसून, साडी नेसून आलेल्या आपल्या बायकोच्या फाइलवर 'रायफल' असं लिहिलं जाणार, हे त्याला दिसलं, आणि त्याचे कान तापले. तो म्हणाला, "नाइन. काइन प्रोब्लेम." नाही, काही अडचण नाही.

"काय म्हणाल्या?" यमुनानं विचारलं.

"म्हणाल्या, उजवीकडेच बसवावा लागतो."

"बरं," यमुना म्हणाली.

एवढंच झालं होतं. पंधरा सेकंदांचं काम. पण पोर्ट बसला तो नेमका जिथे रायफलचा दस्ता टेकतो त्याच्या दोन बोटं आत. डाव्या खांद्यावरून मारावं तर यमुनाचा डावा डोळा लहानपणापासून अधू. एप्रिलमध्ये ती पोर्ट बसल्यानंतर पहिल्यांदा क्लबवर गेली, तीन गोळ्या मारल्या आणि पांढरी पडून घरी आली. पुढच्या तपासणीला ती स्वतःच बाईंशी बोलली, असं तिनं नागेशला नंतर सांगितलं. बाई म्हणाल्या होत्या, दस्ता बाहेरच्या बाजूला टेकवा, थोड्याच गोळ्या मारा, दुखलं तर थांबा. नागेशनं ऐकून घेतलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसला. आपण काय केलं ते त्याला कळत होतं. सांगायचं धैर्य मात्र नव्हतं. म्हणून मग त्यानं धक्काच नाहीसा करायचं मनावर घेतलं.

तो सगळा उन्हाळा नागेश दर शनिवारी क्लबवर गेला. घरात त्या रायफलला हात लावायची त्याला परवानगी नव्हती. परवाना यमुनाचा, कपाट यमुनाचं, कपाटाचा आकडाही फक्त यमुनाच्या डोक्यात.

"नवऱ्यालाही नाही सांगायचा?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"नवऱ्याला तर नाहीच. कायद्यात तसंच आहे," ती म्हणाली होती.

क्लबवर मात्र, देखरेखीखाली, त्याला हात लावता यायचा. त्यानं दस्त्याला एक मऊ पट्टी शिवली, तीही यमुनाच्या आईच्या गोधडीचा तुकडा कापून. ऑफिसातून एक जुना सेन्सर मागून आणला, तो दस्त्याला चिकटवला, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलेखांचे कागद पसरले. पंच्याऐंशीचा आलेख म्हणजे नुसते सुळके. एकशे आठचा जरा बसका. एकशे एकतीसचा आणखी बसका.

क्लबचे अध्यक्ष आयझेले हे सत्तरी ओलांडलेले स्थानिक श्वाबियन गृहस्थ, जन्मभर सुतारकाम केलेले. ते आलेख बघून म्हणाले, "नागेश, एवढ्या कागदात मी घर बांधलं असतं."

लेक इरा कोलोनला नोकरी करायची. व्हिडिओ कॉलवर बापानं तिला आलेख दाखवले. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमधून यायचं. "पापा," ती म्हणाली, "ममाला इंजिनिअर नकोय आत्ता." हे ती जर्मनमध्ये म्हणाली आणि नागेशनं न कळल्यासारखं केलं.

"अगं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग मोजायचं. शास्त्र आहे हे," तो म्हणाला. फर्ममध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला तो पहिल्या दिवशी हेच सांगायचा.

सप्टेंबरात त्यानं बफरमध्ये तिन्ही तुकडे टंगस्टनचे घातले. एकशे त्रेपन्न. यमुनानं नेहमीच्या गोळ्यांनी दोन मालिका मारल्या, रायफल सुरळीत चालली. आलेख आता टेकडीसारखा झाला होता. "कसं वाटतंय?" त्यानं विचारलं.

"गादीवर बसून मारल्यासारखं," ती म्हणाली. ही तारीफ होती की नाही, ते त्यानं विचारलं नाही.

तोवर ती फार वाळली होती. ब्लाउज खांद्यावरून घसरायचे. स्पर्धेच्या आठवड्यात पोर्टभोवतीची कातडी लाल झालेली त्यानं पाहिली, आणि रात्रभर विचार करून सकाळी गुपचूप आयझेलेंना फोन केला. क्लबातल्या म्हाताऱ्या मंडळींसाठी आयझेले कमी दारूच्या सौम्य गोळ्या बनवायचे. तेवढ्या पाच-सहा मिळतील का? "यमुनाला सांगू नका," तो म्हणाला.

अति तिथे माती, ही म्हण त्याला पाठ होती. पण म्हण पाठ असणं वेगळं.

स्पर्धेच्या दिवशी थंडी पडली होती. यमुनानं डोक्याला लोकरीची टोपी घातली होती, तिच्यावर कान झाकणारे मफ. अकरा स्पर्धक होते, त्यात बाई ही एकटीच. ती जागेवर उभी राहिली, दस्ता खांद्याच्या बाहेरच्या बाजूला टेकवला, आणि तिचे पाय आपोआप एनसीसीतल्यासारखे फाकले. नागेश काचेमागे उभा होता.

इशारा झाला. पहिली गोळी. दुसरी. यमुना हललीसुद्धा नाही. मग तिनं तिसऱ्यांदा चाप ओढला, आणि काचेमागेही त्याला तो आवाज ऐकू आल्यासारखा वाटला. टिक.

तिनं बोल्ट हातानं मागे ओढला. त्या ओढण्यानं तिचा चेहरा वेडावाकडा झाला. चौथ्यांदा चाप ओढला, गोळी सुटली. पुन्हा टिक. वीस सेकंद संपले. यमुनानं रायफल खाली केली आणि डावा हात वर केला.

आयझेलेंनी रायफल तपासली. "श्टोएरुंग," ते म्हणाले. बिघाड. चूक नेमबाजाची नाही, सबब सगळ्यांचं झाल्यावर एक मालिका पुन्हा मिळेल. वीस मिनिटं आहेत, तेवढ्यात काय करायचं ते करा.

मागच्या खोलीत हिरव्या चटईवर यमुनानं रायफल उघडली. नागेश समोर बसला. उरलेल्या गोळ्यांपैकी एक उचलून तिनं बोटांत फिरवली.

"गोळ्या बदलल्यात तुम्ही."

"थोड्या सौम्य घेतल्या."

"आणि आत तिन्ही टंगस्टन."

"हो."

"म्हणजे दोन्हीकडून उशा. मग ती चालेल कशी हो? हलक्या गोळीला एवढं वजन ढकलवेल का?" ती ओरडली नाही. दमलेल्या आवाजात म्हणाली. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तुमचंच ना?"

"तुला लागू नये म्हणून..."

"माहितीय मला. फेब्रुवारीतही माझ्यासाठीच का?"

नागेशच्या हातातली सुई थांबली. बफरची पिन काढायला त्यानं ती घेतली होती.

"फेब्रुवारीत काय?"

"त्या बाईंनी विचारलं होतं, उजवीकडे काही अडचण आहे का. तुम्ही म्हणालात, नाही."

बाहेर कुणाच्या तरी मालिकेचे पाच आवाज झाले. सगळे ओळीनं, एका लयीत.

"तुला कळलं होतं?"

"सोळा वर्षं दर शनिवारी जर्मनच्या क्लासला जातेय मी," यमुना म्हणाली.

त्याला वर बघवेना. "मग तिथेच का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलून गेला होतात. त्या पोरीसमोर तुम्हाला खोटं पाडायचं? सवय नाही हो मला. आणि तेव्हा वाटलं, चारसहा महिन्यांचा प्रश्न आहे, काढून टाकतील मग. नंतर कळलं की दिवसच मोजके आहेत. तेव्हा मात्र राग आला. खूप आला. तुम्ही ते ग्राफ घेऊन बसायचात ना टेबलावर, तेव्हा वाटायचं, टराटरा फाडावेत."

"फाडायचेस की."

"तुमच्या हातांना काहीतरी काम हवं होतं. मला दिसत होतं ते."

नागेशला रडू फुटलं. एकसष्ट वर्षांचा माणूस, डोळे पुसायला हात रिकामा नाही, एका हातात सुई आणि दुसऱ्यात बफर, असा तो रडला. "मला लाज वाटली गं," तो म्हणाला. "तुझी म्हणजे तशी नाही..."

"माझीच. खरं बोला."

"तुझीच," तो म्हणाला. "चुकलो मी यमुना."

"हो. चुकलात," ती म्हणाली. तिनं त्याच्या हातातून सुई घेतली, पिन बाहेर ढकलली, आणि बफर उपडा केला. तीन काळपट तुकडे आणि मधल्या रबरी चकत्या चटईवर पडल्या. "चला, पंधरा मिनिटं राहिलीत. आयझेलेंकडून माझ्या नेहमीच्या गोळ्या घेऊन या."

तो गेला आणि गोळ्या घेऊन आला. चटईसमोर बसला. टंगस्टनचे तीन तुकडे एकीकडे, पोलादाचे तीन एकीकडे. इतके महिने त्यानं मोजलं होतं, आखलं होतं, आणि हा प्रश्न तिला एकदाही विचारला नव्हता.

"किती ठेवू?"

यमुनानं थोडा विचार केला. "एक जड, दोन साधे."

"लागेल तुला."

"लागू दे की थोडं. गोळी सुटली हे माझ्या खांद्याला कळायला नको?"

त्यानं एक टंगस्टनचा आणि दोन पोलादाचे तुकडे आत सोडले, चकत्या घातल्या, पिन बसवली. सवयीनं काट्यावर ठेवला.

"एकशे आठ," तो म्हणाला.

"बघा. एरवी तुमचे आकडे म्हणजे त्रेपन्न नि एकतीस. आता कसा शुभ आला!"

यमुना पुन्हा उभी राहिली तेव्हा सगळे स्पर्धक काचेमागे येऊन थांबले होते. इशारा झाला. या वेळी नागेशनं लक्ष्याकडे पाहिलंच नाही, तिच्या खांद्याकडे पाहिलं. पाच वेळा तो खांदा मागे ढकलला गेला. पाचही वेळा तो त्याला दिसला, आणि पाचही वेळा ती पुन्हा जागेवर आली. पाचव्या गोळीनंतर बोल्ट मागेच अडकून राहिला, म्हणजे मालिका पुरी झाली. तिनं रायफल खाली ठेवली, मफ काढले, आणि वळून काचेकडे बघत मान हलवली.

पन्नासपैकी त्रेचाळीस. अकरा जणांत आठवा नंबर. आयझेलेंनी निकाल वाचताना तिच्या नावापाशी उगाच जरा घसा खाकरला. मग यमुनानं बटाट्याचं सॅलड मागून घेतलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा ताटलीतलं सगळं संपवलं. घरी आल्यावर खांद्यावर काळंनिळं उमटलं होतं. नागेश बर्फ धरून बसला. "दुखतंय?" त्यानं विचारलं, आणि ती म्हणाली, "हो." असं सरळ 'हो' तिनं किती तरी दिवसांनी म्हटलं होतं.

नोव्हेंबरात एकदा ती काठी टेकत तळघरात गेली आणि आतून दार लावून घेतलं. नागेश जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. आतून लोखंडावर लोखंड ठेवल्याचे बारीक आवाज येत होते, तेलाचा वास येत होता.

"आत येऊ का मदतीला?"

"कायदा!" आतून आवाज आला. तासाभरानं ती बाहेर आली, आणि वर चढायला तिला त्याचा खांदा लागला.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात यमुना गेली. शेवटचे बारा दिवस हॉस्पिसमध्ये होती. तिथले डॉक्टर जे जे म्हणाले ते नागेशनं तिला जसंच्या तसं मराठीत सांगितलं, एकही शब्द न गाळता. तिला ते आधीच कळलेलं असायचं. तरी ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायची आणि मग त्याच्या हातावर थोपटायची.

माणूस गेल्यावर त्याच्या शस्त्राची वर्दी ताबडतोब द्यावी लागते. वारसाला शस्त्र ठेवायचं असेल तर नळीत कुलूप ठोकून ठेवता येतं, नाहीतर परवानेवाल्याला द्यायचं. नागेशला कुलूप ठोकलेली रायफल नको होती. आयझेले म्हणाले, क्लबातल्या एका नव्या बाईंना देऊ, त्या शिकताहेत.

दहाव्या दिवसानंतरच्या मंगळवारी सरकारी कचेरीतल्या बाई, फ्राऊ श्टाइमले, कागद घेऊन घरी आल्या. सोबत आयझेले होते, हातात बंद पाकीट. कपाटाचा आकडा यमुनानं नोव्हेंबरातच त्यांच्याकडे ठेवायला दिला होता, अधिकाऱ्यासमोरच फोडायच्या बोलीवर. नवऱ्याकडे नाही. नागेशला क्षणभर वाईट वाटलं, आणि मग तिच्या 'कायदा!'ची आठवण होऊन त्याही स्थितीत हसू आलं. चौघं तळघरात उतरले. इरा बापाच्या मागे उभी राहिली.

कपाट उघडलं. रायफल तेल दिलेली, लख्ख पुसलेली होती. फ्राऊ श्टाइमलेंनी नंबर ताडून पाहिला, कागदावर खूण केली. मग त्यांचं लक्ष दस्त्याकडे गेलं. "हे काय आहे?" त्यांनी गोधडीच्या पट्टीवर बोट ठेवलं. लाल-पिवळ्या चौकटीच्या कापडावर पांढऱ्या धाग्याचे टाके होते.

सहज विचारलेला प्रश्न होता. 'काही नाही, जुनं कापड आहे,' एवढं म्हणून भागलं असतं. नागेश जर्मनमध्ये बोलायला लागला, हळूहळू, ऑफिसात अहवाल वाचतो तसा.

"माझी बायको नेमबाज होती. उजव्या खांद्यावरून मारायची. तिचा पोर्ट उजवीकडे बसवला. डॉक्टरांनी विचारलं होतं, काही अडचण आहे का. तिनं मला सांगितलं होतं, डावीकडे बसवायला सांगा. मी सांगितलं नाही. मला सांगायला हवं होतं. म्हणून ती पट्टी आहे."

फ्राऊ श्टाइमलेंनी पेन खाली केलं. अशा वेळी काय म्हणायचं ते कोणत्याही फॉर्मवर नसतं. आयझेले भिंतीकडे बघत होते. इरानं हे सगळं पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिचा हात बापाच्या पाठीकडे आला, मधेच थांबला, आणि मग टेकला.

कपाटाच्या खालच्या खणात एक स्टीलची डबी होती, प्रवासात लोणचं न्यायची. फ्राऊ श्टाइमलेंनी ती उघडली. आत जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला बफर होता आणि घडी केलेली चिठ्ठी. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट केली, लिपी त्यांच्या ओळखीची नव्हती. ती नागेशकडे दिली. बफर हातात धरून त्यांनी आयझेलेंकडे पाहिलं. आयझेलेंनी मान हलवली. "हा शस्त्राचा मुख्य भाग धरत नाहीत. नव्या बाईंना मी दुसरा बसवून देईन."

"गेनाऊ, बरोबर," फ्राऊ श्टाइमले म्हणाल्या. "मग हे मला नकोय. हे इथेच राहू दे." आणि त्यांनी बफर नागेशच्या हातात ठेवला.

रायफल पेटीत गेली. पेटीला कुलूप लागलं. आयझेले आणि बाई पेटी घेऊन जिना चढले, आणि नागेशनं सही केलेला कागद इरानं हातात धरला. वर दार लागल्याचा आवाज आला. मग नागेशनं चिठ्ठी उघडली. यमुनाचं अक्षर थोडं थरथरलेलं होतं, पण ओळ सरळ होती.

'हे परवान्यात येत नाही, विचारून घेतलंय. तुमच्याकडे ठेवा. एकशे आठच आहे, बदलू नका.'

तो पायरीवर बसला. वजनकाटा खिशात होता. त्यानं तो बाहेर काढला, चालू केला, शून्य येईपर्यंत थांबला, आणि तसाच बंद करून परत खिशात टाकला.

मग बफर कानाशी नेऊन त्यानं हलवला.